एक पौंड धान्याची कसोटी

बेळ्ळंदूर हे बंगळूरच्या आग्नेयेस असलेले एके काळचे तळ्याकाठचे खेडे. आता त्याचे नाव फेसाळणाऱ्या तळ्यामुळे आणि भोवतीच्या संगणकी कचेऱ्यांमुळे देशभर ठाऊक झाले आहे. त्या कचेऱ्यांच्या आधाराने येथे मराठी वस्तीही बरीच वाढली. तीत आमच्यासारखे केंद्र सरकारच्या चाकरीत बदलीने आलेले थोडे, खाजगी नोकरीतले पुष्कळ. २०२३ पासून या मंडळींच्या बोलण्यात एक विषय हटकून येतो. कर्नाटकात स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य झाला, घरच्या कर्त्या स्त्रीस दरमहा २००० रुपये मिळू लागले, आणि पुढल्याच वर्षी महाराष्ट्रानेही १५०० रुपयांची योजना काढली. मग करदात्याच्या खिशाची चर्चा होते, तेथून गाडी खोट्या दाखल्यांवर येते, आणि शेवटी कोणीतरी समजूतदार गृहस्थ सर्वांना मान्य होईल असे वाक्य उच्चारतात: "खऱ्या अपंगाला, खऱ्या निराधाराला द्या; आमची ना नाही. पण..."

या 'पण'ला इतिहास आहे. तो जेवढा वाटतो तेवढा नवा नाही आणि आपल्या मातीतला तर मुळीच नाही. त्याचा दक्षिणेतील जन्म कागदोपत्री दाखविता येतो, आणि ज्या दुष्काळात तो झाला त्याने पुणे, सोलापूर, मद्रास आणि बंगळूर यांना एकाच चरकात घातले होते. म्हणून बंगळुरात राहणाऱ्या मराठी वाचकांपुढे तो मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजांपूर्वी आपल्याकडे अपंगांची स्थिती फार चांगली होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आंधळ्या-पांगळ्याला पसाभर धान्य घालणे हा धर्म होता. देणाऱ्याला पुण्य लाभे आणि घेणाऱ्याने हात पसरावा अशी रीत होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांस 'बालपरवेशी' लावून देण्याची चाल मराठी राज्यात होती व ती निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु त्याच राज्यात रमण्यातली दक्षिणा एकाच वर्णाच्या पदरात पडे, हेही विसरून चालणार नाही. त्या व्यवस्थेत हक्क नव्हता, जातीभेद भरपूर होता. एक गोष्ट तेवढी खरी की, पांगळा खरोखर पांगळा आहे काय हे पाहण्याकरिता त्याला दहा कोस चालवून बघण्याची कल्पना कोणास सुचली नव्हती.

ती कल्पना विलायतेहून आली. इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. त्याचे तत्त्व असे की, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची दशा सर्वांत हलक्या मजुराहूनही हलकी असली पाहिजे. म्हणजे ज्याचा अगदी निरुपाय झाला आहे तोच मदत मागावयास येईल. चौकशी करीत बसण्यापेक्षा मदतच इतकी कडू करावी की लबाडाने ती आपण होऊनच नाकारावी, ही त्यातली युक्ती. हिशेबी माणसास ती पटकन आवडते. आम्हीही हिशेबी खात्यातलेच असल्यामुळे तिचे आकर्षण आम्हांस कळते.

तथापि हिंदुस्थानातील सर्वच अधिकारी प्रारंभापासून या मताचे होते असे नाही, आणि ज्या पुरुषाचे नाव या कडूपणाला कायमचे चिकटले त्याची कथा तर अगदी उलट आरंभ झालेली आहे. १८७३-७४ साली बिहार व बंगाल येथे पीक बुडाले तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशाहून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि भुकेने मेलेल्यांची सरकारी नोंद अवघी २३ वर राहिली. एवढ्या मोठ्या आपत्तीत इतके यश त्या शतकात अन्य कोणास क्वचितच लाभले असेल. याबद्दल त्यांस शाबासकी मिळावयास हवी होती. झाले असे की, साडेसहा कोटी रुपये खर्च झाले म्हणून त्यांच्यावर विलायतेतून व कलकत्त्याहून टीकेचा भडिमार झाला. माणसे मेली नाहीत, त्या अर्थी एवढ्या मदतीची गरजच नव्हती, असा तर्क लढविण्यात आला. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'ने तर अशा मदतीने हिंदी लोकांस सरकारच आपल्याला जगविणार अशी सवय लागेल, अशा आशयाची चिंता व्यक्त केली. टेंपलसाहेब हुशार होते, महत्त्वाकांक्षी होते, आणि हा धडा ते कायमचा शिकले.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये पडला नाही. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, कलादगी, धारवाड. खाली म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा. सर्वत्र तोच प्रकार. लॉर्ड लिटन यांचे सरकार दिल्ली दरबाराच्या तयारीत आणि अफगाण सरहद्दीच्या चिंतेत होते. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी टेंपल यांना दक्षिणेत पाठविले ते खर्चाला आळा घालण्याकरिता. टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील धडधाकट माणसाची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर आणली, वर मीठमिरचीपुरते काही. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेही दिवसभर उन्हात खडी फोडल्यावर किंवा तळ्याची माती उपसल्यावर. बिहारात तांदळाच्या राशी ओतणारा तोच हा माणूस होता.

मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाविरुद्ध लेखणी उचलली. श्रम करणाऱ्याला निदान दीड पौंड धान्य व शिवाय डाळ-भाजी पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तुरुंगातल्या कैद्यांच्या शिध्याचे आकडे त्यांनी पुढे केले. ज्या सरकारने चोराच्या पोटाचे माप एक ठरविले त्यानेच निरपराध कुणब्याच्या पोटाचे माप त्याहून लहान ठरवावे, हे त्यांना पटेना. दोघांत टिपणांची मोठी फैर झडली. शेरे-प्रतिशेऱ्यांत ज्यांचा जन्म गेला त्या आमच्या वाचकांनी ती अवश्य वाचावी. भाषा सभ्य आहे आणि मधल्या काळात माणसे मरत आहेत. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने निम्मी माघार घेतली आणि सव्वा पौंड धान्य व दीड औंस डाळ मान्य केली.

मुंबई इलाख्यात तेवढीही माघार झाली नाही. तेथे मजुरी उतरली आणि सशक्तांना घरापासून दूरच्या कामांवर हलविण्याचे हुकूम सुटले, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. टेंपल यांनी याला शिस्तीविरुद्धचा हट्ट मानले. ज्या अर्थी लोक मजुरी नाकारतात त्या अर्थी त्यांना तिची निकड नाही, हे अनुमान ओघानेच आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने नेमके हेच अनुमान खोडून काढण्याचा उद्योग आरंभिला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने गावोगावची माहिती जमविली आणि निवेदनांमागून निवेदने सरकारकडे पाठविली. काम सोडून गेलेली माणसे घरी चैनीत बसली नाहीत; ती निजामाच्या मुलखात गेली, गुरे विकून बसली, किंवा वाटेत पडली, हे सभेने दाखवून दिले.

येथे क्षणभर थांबून सांगितले पाहिजे की, रानडे त्या वेळी सरकारी नोकर होते. सरकारची मदत अपुरी आहे हे सरकारी पगार घेणारा मनुष्य आकड्यांनिशी लिहून काढीत होता. टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि रानड्यांची १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला व नंतर धुळ्यास बदली झाली. त्याच पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत आणखी एक कारकून होता. त्याने दुष्काळी मुलूख पायी पाहिला, आणि १८७९ मध्ये रामोशांना हाताशी धरून बंड केले. वासुदेव बळवंत फडके यांचे चरित्र आपण क्रांतिकारक म्हणून वाचतो. ते हिशेबखात्यातले कारकून होते ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. आम्हांला मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाववत नाही.

म्हैसूर त्या वेळी इंग्रज आयुक्तांच्या कारभाराखाली होते. सप्टेंबर १८७७ मध्ये लॉर्ड लिटन स्वतः दक्षिणेत आले, आणि म्हैसूरच्या दुष्काळी कारभाराची सूत्रे चार्ल्स इलियट यांच्या हाती गेली. शिजविलेले अन्न देणाऱ्या छावण्यांतून माणसे पारखावीत, ज्याच्या अंगात थोडेही त्राण असेल त्यास मोठ्या कामावर धाडावे, आणि अगदीच असमर्थ तेवढे छावणीत ठेवावे असे धोरण ठरले. बंगळूर-म्हैसूर लोहमार्गाचे काम दुष्काळी काम म्हणून याच सुमारास हाती घेण्यात आले. त्या मार्गाने आज आपण दसरा पाहावयास म्हैसुरास जातो. पायाखालची माती कोणी वाहिली हे स्थानकावरच्या कोणत्याही फलकावर आम्ही वाचलेले नाही. १८७१ च्या शिरगणतीत म्हैसूरची वस्ती ५० लाखांहून थोडी अधिक होती; १८८१ मध्ये ती ४२ लाख देखील भरली नाही. वाढ तर राहोच, दर सहा माणसांमागे एक नाहीसा झाला.

आता ज्यांच्याकरिता हा लेख लिहावयास घेतला त्यांच्याकडे वळू. कामावर येऊ शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न या सर्व कसोट्यांच्या मुळाशी होता. कष्टाची कसोटी सशक्त लबाडाला हाकलण्यासाठी योजिली होती, पण तिच्यामुळे प्रत्येक अशक्त मनुष्य संशयित ठरला. कारण अशक्तपणा हीच आता सवलत झाली. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये आपला अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळाची नियमावली, जिला 'फॅमिन कोड' म्हणत, तयार झाली. तीत फुकट मदतीस पात्र माणसांची यादी आहे: आंधळे, पांगळे, वेडे, म्हातारपणाने किंवा दुखण्याने थकलेले, त्यांची शुश्रूषा करण्यासाठी ज्यांना घरी राहणे भाग आहे असे, आणि गोषातल्या स्त्रिया. यादी गावकामगाराने करावयाची, आणि तपासनिसाने ती घरोघर फिरून ताडून पाहावयाची. अपंगांना मदत देण्याचे कर्तव्य सरकारने आपल्याकडे लेखी नियमाने घेतले ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती आम्ही मोठीच म्हणतो. शुश्रूषा करणाऱ्याचाही त्या यादीत समावेश व्हावा, इतका बारकावा आजच्या कित्येक योजनांतही आढळत नाही.

परंतु त्याच आयोगाने एक वाक्य असे लिहून ठेवले आहे की ज्याच्या छायेत आपल्या कचेऱ्या अजून बसलेल्या आहेत. त्याचा भावार्थ असा: दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे असे एकदा मानले, तर तो हक्क त्यांना सर्वकाळ आहे असे मानण्याची पाळी येईल. म्हणजे आयोगाला भीती वाटली ती हक्क या शब्दाची. मदत द्यावी, शिस्तीने द्यावी, वेळेवर द्यावी; पण घेणाऱ्याने ती आपली आहे असे समजू नये.

लोकांनी मात्र तसे समजावयास फार वेळ लावला नाही. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळकांच्या 'केसरी'ने ही नियमावली मराठीत समजावून सांगितली. सरकारने छापलेला नियम म्हणजे रयतेला दिलेले वचन आहे, आणि ते मागण्यात गैर काही नाही, असा टिळकांचा रोख होता. सभेचे लोक खेड्यापाड्यांतून हिंडून तेच सांगू लागले. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचेच पुस्तक मोठ्याने वाचल्याबद्दल झालेली ही शिक्षा होती.

स्वराज्यात या प्रश्नाला संविधानात जागा मिळाली. अनुच्छेद ४१ ने बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या आपत्तींत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क हा शब्द प्रत्यक्ष वापरला. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला, आणि 'आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत' अशी अट सोबत दिली. हक्क लिहिला आणि न्यायालयाचे दार लावून घेतले. दुसऱ्या बाजूस १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला. भीक मिळविण्याच्या हेतूने जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखविणे हे त्याने भिकेच्या व्याख्येत घातले. जुना धर्म गेला होता, नवा हक्क आला नव्हता, आणि मधल्या पोकळीत पोलीस उभा राहिला. दिल्लीत लागू असलेल्या या कायद्याची मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने रद्द ठरविली ती २०१८ मध्ये.

महाराष्ट्राने यातून एक वाट काढली, तिचा आम्हांस अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे कामांवर आली, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली. टेंपलची कष्टाची कसोटीच उलटी करून लोकांनी सरकारला लावली: आम्ही फावडे धरावयास तयार आहोत, काम द्या. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिनेच वाट दाखविली. पण ज्याला फावडे धरता येत नाही तो पुन्हा बाहेरच राहिला. त्याच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पहिल्या योजनेबद्दल ग्रंथ लिहिले गेले, देशोदेशीचे पंडित येऊन गेले. दुसरीची आठवण बहुधा हप्ता थकला म्हणजे होते.

१९९५ आणि २०१६ या वर्षी अपंगांसंबंधी कायदे झाले. २०१६ च्या कायद्याने प्रकार सातांवरून २१ केले, ४० टक्के अपंगत्व हे लाभाचे माप धरले, आणि अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेहून निदान २५ टक्के अधिक असावे असे २४ व्या कलमात स्पष्ट म्हटले. आता व्यवहार पाहू. महाराष्ट्रात लाडक्या बहिणींना १५०० रुपये मिळू लागले तेव्हा निराधार योजनेतल्या अपंगालाही १५०० च मिळत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बहिणींच्या यादीतून सुमारे ५ लाख नावे कमी झाली, त्यांत २ लाख ३० हजार स्त्रिया निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. एकाच कारणाकरिता दोनदा पैसा नको, हा नियम समजण्यासारखा आहे. परंतु पहिली कात्री लागली तेव्हा मोटारगाडी असलेल्या घरांपेक्षा निराधारांचीच संख्या तीत अधिक भरली, ही गोष्ट टिपून ठेवावी. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंगांचे अनुदान २५०० केले. त्यामागे वर्षानुवर्षांची आंदोलने होती.

लोकमताचे वारे दरम्यान दुसरीकडे वाहत होते. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला, आणि पुढे महाराष्ट्रात अपंग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा झालीच पाहिजे; तो खऱ्या अपंगाचीच जागा खातो. पण एका व्यक्तीवरच्या आरोपाची किंमत पोलिओने पाय गेलेल्या शिक्षकाने पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून द्यावी, हा न्याय टेंपलच्याच पेढीवरचा आहे. ज्या देशाने ही रीत आपल्याला शिकविली तेथेही ती अजून चालू आहे. ब्रिटनच्या मजूर सरकारने २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्याच्या अटी कडक करावयाचे ठरविले, आणि स्वपक्षाचे सभासदच उलटले तेव्हा जुलैमध्ये तो भाग मागे घ्यावा लागला. आपल्या लोकसभेत असा प्रसंग आल्याचे आमच्या स्मरणात नाही.

तसा तो येण्याचे कारणही नाही, कारण आपल्याकडे कपात सहसा हुकुमाने होत नाही. ती काहीच न केल्याने होते. केंद्र सरकारचे अपंग निवृत्तिवेतन २००९ मध्ये दरमहा २०० रुपये होते. २०१२ मध्ये ३०० झाले. त्यानंतर केंद्राचा वाटा जागेवरून हललेला नाही. तेही दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला आणि अपंगत्व ८० टक्के असेल तर. कायद्याचे माप ४० असले तरी. २०१५ च्या अखेरीस 'दिव्यांग' हा शब्द रूढ होऊ लागला, खात्याचे नाव बदलले, पाट्या बदलल्या. रक्कम तेवढी जुन्या नावाचीच राहिली.

आमच्या धंद्यातला एक साधा हिशेब येथे मांडतो. सातव्या वेतन आयोगानंतर जानेवारी २०१६ मध्ये आम्हां केंद्रीय नोकरांचा महागाई भत्ता शून्यापासून मोजावयास लागला. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. म्हणजे खुद्द सरकारच्याच मापाने, २०१६ मध्ये १०० रुपयांस मिळणाऱ्या जिनसेला आता १५८ पडतात. त्याच मापाने त्या ३०० रुपयांची किंमत आज २०१६ च्या १९० रुपयांएवढी राहिली. सुमारे ११० रुपये कोणीही कापले नाहीत. त्यावर कोणाची सही नाही, शेरा नाही, जावक क्रमांक नाही.

एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे सरकारने आमच्या भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. ते जुलै २०२१ पर्यंत गोठलेले राहिले आणि १८ महिन्यांची थकबाकी कधीच मिळाली नाही. याविरुद्ध संघटनांनी निवेदने दिली, आणि त्यांतल्या एकावर आमचीही सही आहे. त्याच सुमारास अपंग, विधवा व वृद्ध निवृत्तिवेतनधारकांस दोन हप्त्यांत मिळून १००० रुपये एकरकमी देण्यात आले. ते एकदाच. त्या ३०० रुपयांना महागाई भत्ता जोडावा अशी मागणी करणारे, आमच्या कोणत्याही संघटनेचे एकही निवेदन इतक्या वर्षांत आमच्या टेबलावरून पुढे गेलेले नाही.